सेलिब्रिटी शेफचा लाइव्ह शो: मुलांना न्यावं की नाही?

कोरी_पाटी

टीव्हीमुळे घराघरांत पोहोचलेल्या एका शेफचा रंगमंचावरचा कार्यक्रम जाहीर झालाय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका माणसाभोवती फिरत राहील. मला अशा कार्यक्रमांबद्दलच एकूण समजून घ्यायचंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मुलीचा स्वयंपाकघरातला रस खरा आहे. ती नुसती खायला येत नाही, प्रमाण विचारते, 'हे आधी का घातलं?' म्हणून अडवते. मुलगा तिच्या मागोमाग सगळीकडे.

जाहिरातीत 'सहकुटुंब या' म्हटलंय आणि तिकीट काढायच्या पानावर अगदी खाली 'काही भाग मोठ्यांसाठी, पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावं' अशी ओळ आहे. टीव्हीवर हा माणूस तोंडानं फटकळ आहे. तिथे बीप वाजते, इथे समोरासमोर काय? शिवाय कार्यक्रम रात्री आठचा, मध्यंतर धरून दोन-सव्वादोन तास.

'सहा म्हणजे लहानच' किंवा 'नऊला चालेल' एवढ्यावर मला ठरवायचं नाहीये. नेमकं काय बघायचं, कुणाला काय विचारायचं, हे ज्यांनी असे शो पाहिलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दूरदिवा

शेफ कोण आहे ते नंतर. तो रंगमंचावर दोन तास करणार काय, हे आधी शोधा. 'शेफचा लाइव्ह शो' म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले कार्यक्रम विकले जातात.

मुलांना सहज चालेल अशा प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचा शेफ ऑल्टन ब्राउन. त्यानं २०१३ मध्ये रंगमंचावरचा दौरा सुरू केला. त्यात विज्ञान होतं, गाणी होती, बाहुल्या होत्या आणि आग विझवायच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून बघता बघता आइस्क्रीम तयार करणारं एक अवाढव्य यंत्र होतं. पुढच्या रांगांतल्या लोकांना अंगावर शिंतोडे उडतील म्हणून प्लॅस्टिकचे पाँचो द्यायचे. पदार्थ काय झाला यापेक्षा 'हे असं का झालं?' हा प्रश्न त्यात महत्त्वाचा. सहा वर्षांच्या मुलाला अर्धं कळलं नाही तरी धूर, आवाज, यंत्र यांत तो रमतो.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन. तो रंगमंचावर यायचा तेव्हा स्वयंपाक जवळपास नसायचाच. एकटा उभा राहून प्रवासाचे, हॉटेलांच्या मागच्या बाजूचे, स्वतःच्या व्यसनाचे किस्से सांगायचा आणि मग प्रेक्षकांचे प्रश्न घ्यायचा. मोठ्यांसाठी विलक्षण अनुभव. पण त्याचे प्रवासाचे कार्यक्रम टीव्हीवर मुलांसोबत बघितले म्हणून त्याच मुलांना तिथे नेलं असतं, तर मुलांचा आणि पालकांचा, दोघांचाही विरस झाला असता.

या दोन टोकांमध्ये बरंच काही येतं. ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर तरुण होता तेव्हा, २००१ मध्ये, नाट्यगृहांतून दौरा करत होता. तिथे प्रत्यक्ष स्वयंपाक आणि जोडीला संगीत असायचं. हा डेमोचा प्रकार घरी हात चालवणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त देऊन जातो. आणि मग नुसत्या मुलाखतीचे कार्यक्रम असतात: सूत्रसंचालक, दोन खुर्च्या, नवं पुस्तक. त्यात एकही वावगा शब्द नसेल, तरी लहान मुलासाठी माझ्या मते हाच सगळ्यात वाईट प्रकार. भागीदारानं कसं फसवलं, पहिलं रेस्टॉरंट कसं बुडालं, यात सहा वर्षांच्या मुलाला काय रस असणार?

ओळखायचं कसं? त्याच दौऱ्यातल्या आधीच्या प्रयोगाचा रंगमंचाचा फोटो शोधा. आयोजकांनी सजवलेला नको, प्रेक्षकानं मोबाइलवर काढलेला. ओटा, शेगडी आणि वरून खाली बघणारा कॅमेरा दिसला तर डेमो आहे. दोन खुर्च्या आणि मधे पाण्याचे ग्लास दिसले तर गप्पा आहेत. निम्मा निर्णय तिथेच होतो.

निळी_शाई

फोटोची युक्ती फार आवडली. +१

उमलती

भाषेबद्दल लिहिते, कारण बहुतेक पालक तिथेच अडतात.

ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. 'हेल्स किचन' या टीव्हीवरच्या स्पर्धेत मोठ्या माणसांवर तुटून पडणारा हा माणूस २०१३ पासून 'मास्टरशेफ ज्युनियर'मध्ये ८ ते १३ वर्षांच्या स्पर्धकांशी किती वेगळा वागला ते बघा. पदार्थ बिघडला, मूल रडकुंडीला आलं, की आवाज खाली. आधी धीर देणार, मग चूक दाखवणार. म्हणजे हे लोक समोर कोण आहे ते बघून बोलतात. रंगमंचावरही तेच होतं. सभागृहात सगळी मोठी माणसं असतील आणि ती एका शिवीवर हसली, तर दुसरी येतेच. तिसऱ्या रांगेत तुमची मुलगी बसलीय हे वरून दिव्यांच्या झोतात त्याला दिसतही नाही. म्हणून 'टीव्हीवर तो असा आहे' यावरून काही ठरवू नका. प्रयोग किती वाजताचा आहे आणि तिकिटं मुख्यतः कोण घेतंय, हे बघा. त्याच शेफचा दुपारचा प्रयोग असेल तर सभागृहातली माणसंच वेगळी असतात, आणि माणसं वेगळी की बोलणंही वेगळं.

पण मला शिव्यांची भीती त्यामानानं कमी वाटते. मुलांच्या कानांवर त्या रस्त्यावरही पडतात, 'हे आपल्या घरी बोलायचं नाही' एवढं सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. मला काळजी वाटते ती पाणउताऱ्याची. अशा बऱ्याच कार्यक्रमांत प्रेक्षकांतून एखाद्याला वर बोलावतात, त्याच्या हातात चाकू देतात आणि त्याला काही जमत नाही यावर सगळं सभागृह हसतं. मोठ्या माणसाला ती गंमत वाटते, कारण ठरवून चाललेला खेळ आहे हे त्याला माहीत असतं. स्वयंपाक मनापासून शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र त्यातून एवढंच दिसतं की चुकलं की लोक हसतात. कोरी_पाटी, तुमची मुलगी प्रश्न विचारते आहे. तो प्रश्न विचारायचा धीर टिकला पाहिजे. शोमध्ये चुकणाऱ्या माणसाशी शेफ कसा वागतो, हे आधीच्या प्रेक्षकांना जरूर विचारा. मी तर हाच प्रश्न पहिला विचारेन.

पाऊलवाट

एवढा विचार? आम्ही लहानपणी मोठ्यांच्या कार्यक्रमांना जायचो, कळलं नाही की झोपायचो. मुलांना सगळं बघू द्यावं. अर्धवट कळलेल्या गोष्टीही मुलं मनात साठवतात आणि पुढे कधीतरी त्या उपयोगी पडतात. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या आवडत्या शेफला प्रत्यक्ष बघायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे! एखाद-दुसऱ्या शब्दासाठी ते हुकवू नका.

उमलती

पाऊलवाट, मोठ्यांसोबत जाण्याला माझाही विरोध नाही. झोप आली तर झोपू दे, हेही मान्य. फक्त मूल जागं असताना समोर काय चाललंय ते आपल्याला आधी माहीत असावं, एवढंच म्हणणं आहे. मुलगी जाऊ नये असं मी लिहिलेलं नाही.

शेवटची_रांग

मी नाट्यगृहांत प्रकाशयोजनेचं काम करते. कलाकार काय बोलेल याची हमी माझ्याकडे नाही, पण बाकीच्या गोष्टींबद्दल नक्की सांगू शकते. पालक त्या विचारतच नाहीत.

सिनेमाला वयाचं प्रमाणपत्र असतं, तसं अशा लाइव्ह शोला बहुतेक ठिकाणी नसतं. 'पालकांनी ठरवावं' ही ओळ आयोजकच लिहितात आणि बऱ्याचदा ती स्वतःच्या बचावासाठी असते. त्यामुळे ओळ वाचून घाबरू नका. सरळ आयोजकांना ईमेल करा आणि ती कशासाठी घातली आहे ते विचारा. भाषेसाठी, मद्यासाठी, दिव्यांसाठी की आगीसाठी? ज्यांना उत्तर माहीत असतं ते लगेच देतात.

दिवे. झपझप उघडमीट करणारे स्ट्रोब दिवे आहेत का, हे प्रत्येक पालकानं विचारावं. साधारण सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही जणांमध्ये अपस्माराचा झटका आणू शकतो आणि हा त्रास मुलं आणि किशोरवयीनांमध्ये जास्त दिसतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉन या कार्टून मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, बहुतेक मुलंच. कित्येकांच्या घरच्यांना तोपर्यंत असा त्रास आहे याची कल्पनाही नव्हती. शेफच्या शोमध्ये स्ट्रोब कशाला, असं वाटेल. पण प्रवेशाच्या वेळी, स्पर्धेचं घड्याळ संपत आल्यावर, तो हमखास वापरतात.

आवाज. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. ही वरची मर्यादा आहे आणि मुलांसाठी तीसुद्धा जास्तच. स्वयंपाकाचा शो एवढा दणदणाट करत नाही, पण संगीताची जोड असेल तर स्पीकरच्या समोरची बाजू टाळा. मुलांच्या मापाचे कानावरचे मफ मिळतात, ते पिशवीत असू द्यात. वापरायची वेळ आली नाही तर उत्तम.

धूर. स्वयंपाकाच्या शोमध्ये पांढरे ढग कधीकधी कोरड्या बर्फाचे किंवा द्रवरूप नायट्रोजनचे असतात. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि वायू झाल्यावर सुमारे सातशे पट जागा व्यापतो. मोठ्या, हवा खेळती असलेल्या सभागृहात लांबून बघायला काही भीती नाही आणि मुलांना ते दृश्य अतिशय आवडतं. धोका ते जवळ येण्यात आणि पोटात जाण्यात आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१८ मध्ये, खायला देण्याच्या अगदी आधी द्रवरूप नायट्रोजन घातलेले पदार्थ खाऊ नयेत, असा इशारा दिला होता. त्वचेला, आतल्या अवयवांना गंभीर इजा झाल्याच्या घटना घडल्या होत्या. तेव्हा मुलाला वर बोलावून 'चव बघ' म्हटलं आणि वाटीतून वाफा निघत असतील, तर तिथे भीड ठेवायची नाही. स्पष्ट नाही म्हणायचं.

निळी_शाई

पोकेमॉनची घटना ऐकून होते, पण तिचा संबंध इथे कधी जोडला नव्हता. खूप महत्त्वाची माहिती, धन्यवाद शेवटची_रांग.

सायीची_वाटी

ॲलर्जीचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला मासे आणि दाणे दोन्ही चालत नाहीत. 'आपण फक्त बघणार आहोत, खाणार थोडीच' असं लोक म्हणतात. पण मासे किंवा कोळंबी शिजताना जी वाफ निघते, तिच्यातून ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिनं हवेत जातात आणि ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांना नुसत्या त्या वाफेनं त्रास होऊ शकतो. मोठ्या सभागृहात मागे बसलात तर धोका कमी. पहिल्या दोन-तीन रांगांत, बरोबर तव्यासमोर, नाही. आम्ही आयोजकांना आधी लिहून विचारतो: त्या दिवशी काय शिजणार आहे आणि प्रेक्षकांत काही वाटणार आहेत का. मुलाचं औषध आणि इंजेक्शन जवळ ठेवतो, बॅगा बाहेर ठेवायच्या असतील तर ते काढून घेतो. दाराशी अडवलं तर शांतपणे सांगायचं, देत नाहीत असं होत नाही.

कोणी काही वाटलंच तर अजून एक: पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम देऊ नयेत, घशात अडकतात. आणि अंधारात तर कोणत्याच वयाच्या मुलाला अनोळखी घास नको. काय आहे ते दिसत नाही.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या बारकाईनं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. स्ट्रोब, वाफ, चुकणाऱ्याशी शेफ कसा वागतो... यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मी नुसत्या शिव्यांपाशी अडकले होते. आयोजकांना ईमेल केला आहे, उत्तर आलं की इथे टाकते.

दरम्यान एक विचारू? मुलगा खाण्याच्या बाबतीत फार हट्टी आहे. ताटात तीनच गोष्टी चालतात. आवडत्या शेफनं भाजी किती प्रेमानं केली ते बघून काही फरक पडेल का, अशी एक आशा आहे.

खडूफळा

शिक्षक आहे, शाळेत मुलांसोबत स्वयंपाकाचा तास घेतो, त्यामुळे यावर थोडं बोलतो.

नुसतं बघून मूल खायला लागत नाही. नवी चव स्वीकारायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, थोडी थोडी चाखावी लागते. आणि तीही जबरदस्ती न करता. एका रात्रीच्या शोकडून ती अपेक्षा ठेवलीत तर तो आनंद हिरावून घ्याल. 'बघ, त्यांनी पण भाजी घातली, आता तूही खा' असं परतताना म्हटलंत की झालंच, शो म्हणजे त्याला सापळा वाटायला लागेल. मात्र स्वतः धुतलेली, चिरलेली, ढवळलेली गोष्ट मुलं चाखून तरी बघतात, हे मी वर्गात सतत पाहतो. तेव्हा शोचा उपयोग करायचा तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात करा, ताटावर नको.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. शो संपल्यावर मुलं काय करून बघतात? सभागृहात त्यांना काही होणार नाही. घरी होऊ शकतं. कढईतून ज्वाळा उसळली की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ती ज्वाळा मद्याच्या वाफेची असते, किती घातलं ते मोजलेलं असतं, वरचं छत उंच असतं आणि पडद्यामागे आग विझवायचं साहित्य घेऊन माणूस उभा असतो. मुलाला यातलं काहीही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की कढई तिरकी केली की जादू होते. चाकूचंही तसंच. डोळे प्रेक्षकांकडे ठेवून सपासप चिरणं हे वर्षानुवर्षांच्या सवयीनं येतं, आणि मुलं नक्कल नेमकी वेगाची करतात.

म्हणून जायच्या आधी पाच मिनिटं बोला. आगीमागचा माणूस कुठे उभा असेल ते शोधायला सांगा. शेफच्या डाव्या हाताची बोटं कशी आत वळलेली आहेत, पेर चाकूच्या पात्याला कसं टेकलंय, ते बघायला सांगा. वरच्या कॅमेऱ्यामुळे मोठ्या पडद्यावर ते फार छान दिसतं, वर्गात मला इतकं स्पष्ट दाखवता येत नाही. नऊ वर्षांची मुलगी अशी एखादी गोष्ट बघायला म्हणून बसली तर दोन तास तिला पुरत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी मऊ भाजी, छोटा चाकू आणि शेजारी तुम्ही. अगदी हळू.

पाऊलवाट

खडूफळा सर, 'काय बघायचं ते आधी सांगा' हे पटलं. मी वर जरा सरसकट लिहिलं होतं. मुलांना न्यावं हे मत कायम आहे, पण नुसतं नेऊन बसवण्यात आणि असं नेण्यात फरक आहे.

आभाळ_भरून

अजून एक बाजू. रंगमंचावर प्राणी येऊ शकतो. अख्खा मासा साफ करणं, कोंबडीचे तुकडे करणं, कधी जिवंत लॉबस्टर. काही मुलांना यात विलक्षण कुतूहल असतं, तर काही मुलं त्या रात्रीपासून ताटाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. माझी भाची दुसऱ्या प्रकारची. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. खाणं कुठून येतं हे मुलांना कळायलाच हवं. पण ते घरच्या माणसाकडून, तिच्या प्रश्नांसाठी थांबत थांबत कळावं. शंभर लोक हसत असताना, काळोखात, विचारायला कुणी नसताना नको.

लॉबस्टरबद्दल तर मोठ्यांमध्येही एकमत नाही. स्वित्झर्लंडनं २०१८ पासून तो आधी बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला कायद्यानं मनाई केली आहे. ज्या गोष्टीवर सरकारं कायदे करतात ती सहा वर्षांच्या मुलापुढे गंमत म्हणून यावी असं मला वाटत नाही. आयोजकांना विचारायच्या यादीत हेही घाला.

उमलती

आभाळ_भरून, अगदी अनुमोदन. आणि मद्याबद्दलही विचारा. काही शो वाइनसोबत चाखण्याचे असतात. तिथे मुलांना प्रवेशच नसतो, आणि पालक दारापर्यंत जाऊन परत येतात.

कोरी_पाटी

उत्तर आलं! बाईंनी अगदी सविस्तर लिहिलंय.

पहिला भाग प्रत्यक्ष स्वयंपाक, वर कॅमेरा आणि मोठा पडदा. मासा साफ करून दाखवतात, जिवंत काही नसतं. एकदा ज्वाळा असते. नायट्रोजन नाही, स्ट्रोब नाही. प्रेक्षकांना खायला काहीच देत नाहीत. मध्यंतरानंतरचा भाग पूर्ण गप्पांचा, त्यात प्रेक्षकांचे प्रश्न घेतात आणि 'प्रौढ भाषा' याच भागात येते. तिथे लेखी संहिता नसते, त्यामुळे काय बोललं जाईल याची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. हे मला फार आवडलं. प्रेक्षकांतून दोन जणांना वर बोलावतात, सोळा वर्षांखालच्यांना नाही.

शिवाय आधीच्या प्रयोगाला गेलेल्या एका ओळखीच्या ताईंना उमलतींचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, वर आलेल्या माणसाचं बरंच बिघडलं, शेफनं भरपूर चेष्टा केली, पण शेवटी दोघांनी मिळून तो पदार्थ पुरा केला आणि टाळ्या त्याला मिळवून दिल्या.

आता सांगा, काय करू?

दूरदिवा

हे तर सोपं झालं की. मुलीला न्या, पहिल्या भागासाठी तर नक्कीच. मुलाला सध्या नको. ज्वाळा किंवा शिव्या हे कारण नाही. दुसरा तास नुसत्या बोलण्याचा आहे आणि तोवर त्याची झोपायची वेळ उलटून गेलेली असेल. कंटाळलेलं मूल चुळबुळ करतं, आपण त्याला गप्प करण्यात गुंततो, आणि मग मुलीलाही तुम्ही मिळत नाही.

शेवटची_रांग

मध्यंतरात निघायचं ठरलं तर आत्ताच कडेची खुर्ची घ्या. आणि जागा निवडताना पुढची रांग म्हणजे चांगली, असं समजू नका. उंच रंगमंचाला अगदी पुढून ओट्याचा पृष्ठभाग दिसत नाही, कढईचा तळ दिसतो फक्त. मधल्या रांगा किंवा बाल्कनीचा पहिला भाग उत्तम, तिथून पडदाही सरळ समोर येतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या पुढे उंच माणूस आला तर काही नाट्यगृहांत बसायला उंच उशी देतात, दारावरच मागून घ्या.

सायीची_वाटी

आणि जेवूनच जा! पोट भरलेलं असलं पाहिजे. खायला काही मिळणार नाही, आणि कांदा परतायचा वास सभागृहभर पसरतो. उपाशी मूल अर्ध्या तासात 'भूक लागली' सुरू करतं, मग रंगमंचावर काहीही चालू असो.

कोरी_पाटी

ठरलं. मी आणि मुलगी, बाल्कनी, कडेच्या दोन खुर्च्या. लवकर जेवून जाणार. तिला आजच सांगितलं की दुसऱ्या भागात मोठ्यांचं बोलणं असेल, काही शब्द घरी न वापरण्यासारखे येतील, आणि तिला नको वाटलं तर माझा हात दाबायचा, आपण कारण न विचारता उठू. त्यावर तिनं विचारलं, 'प्रश्न विचारायला मिळेल का?' आयोजकांना पुन्हा लिहिलं. चिठ्ठीवर लिहून मध्यंतरात द्यायचा म्हणे, वयाची अट नाही. आता ती प्रश्न पक्का करत बसली आहे.

मुलगा अर्थातच रुसलाय. त्याच्यासाठी सकाळच्या वेळेचा, छोटा, मुलांसाठीच केलेला डेमो कुणाला माहीत असेल तर सांगा. तासाभराचा, आणि हात घालायला मिळेल असा.

खडूफळा

तसे असतात. ग्रंथालयं, विज्ञान केंद्रं, स्वयंपाक शिकवणाऱ्या संस्था यांच्याकडे चौकशी करा. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या: एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं असतात, आणि मुलांनी केलेलं तिथेच खायला मिळतं का. सहा वर्षांच्या गटात एकाकडे सात-आठपेक्षा जास्त मुलं असतील तर तो परत बघण्याचाच कार्यक्रम होतो, करण्याचा राहत नाही.

निळी_शाई

कोरी_पाटी, मुलीचा प्रश्न काय आहे ते इथे सांगाल का? तिची परवानगी असेल तरच.

कोरी_पाटी

विचारलं तिला. सांग म्हणाली: 'तुमचा पदार्थ बिघडतो तेव्हा तुम्ही तो फेकता की दुरुस्त करता?'